दोनशे पंचेचाळीस ग्रॅम

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि दर उन्हाळ्यात आमच्या घरी कैरीच्या लोणच्याच्या बरण्या पाठवणारे हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या वडिलांचा रक्तदाब दोनशे पंचेचाळीस ग्रॅम आहे. म्हणजे पाव किलोला पाच ग्रॅम कमी. सबब कोणीही काळजी करू नये.

ही घोषणा मी सोळाव्या वर्षी कारखान्याच्या वसाहतीतल्या गणपतीपुढे केली. डोक्याला अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, रुमाल, हातात भाजीवालीकडून उसना आणलेला तराजू, आणि एका पारड्यात चार वांगी. लोक इतके हसले की पुढच्या रांगेतल्या एका काकूंना ठसका लागला आणि पाणी आणेपर्यंत मला थांबावं लागलं. मी थांबले, तीही मोठ्या ऐटीत. समोरचे लोक आपल्या पुढच्या वाक्यासाठी ताटकळलेत हे सुख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते व्यसन मग सुटलं नाही. लग्नांत, डोहाळजेवणांत, निरोपसमारंभांत मी आयुष्यभर लोकांना हसवत आले. ही एक गोष्ट मात्र मी त्यानंतर कधी रंगवली नाही. आज लिहून काढते आहे. हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसलेच होते.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. बंगलोरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ते गेजच्या खोलीचे प्रमुख होते. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ: गोल तबकडी, एक काटा, आणि काट्याने कधीही ओलांडायची नाही अशी एक लाल रेघ. बॉयलर, वाफेच्या नळ्या, हवेच्या टाक्या, जिथे जिथे काहीतरी कोंडलेलं होतं तिथे तिथे असं एक घड्याळ, आणि अशी तीनशेवर घड्याळं तपासून खरी ठेवणं हे अण्णांचं काम. त्यांच्या खोलीत तेलाचं एक यंत्र होतं. त्याच्या उभ्या दांड्यावर लोखंडी चकत्या ठेवायच्या, की खालच्या तेलावर अगदी नेमका तेवढा दाब पडायचा, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला लावलेलं गेज खरं बोलतं की खोटं ते कळायचं. लाल रेघ अण्णा स्वतःच्या हाताने, तीन केसांच्या कुंचल्याने काढत. रेघ काढताना ते श्वास रोखून धरत. त्यांचा मदतनीस मुनियप्पा म्हणायचा, “अण्णा रेघ काढतात तेव्हा मी पण श्वास घेत नाही, अक्का. एकदा शिंक आली तर बाहेर पळालो.” मुनियप्पा आईला अक्का म्हणायचा, तिच्या हातचं उप्पिट उभ्या उभ्या खायचा, आणि त्याचं मराठी आमच्या घरी येऊन येऊन झालेलं असल्यामुळे त्यात आईचेच शब्द असायचे.

आमच्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी कारखान्याचा भोंगा, त्याच्या मागोमाग अण्णांच्या सायकलच्या स्टँडचा खटका, आईचं कन्नड दूधवाल्याशी “स्वल्प जास्त घाल की रे” असं दोन भाषांतलं भांडण. थंडीच्या दिवसांत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला सगळं घर बसायचं आणि सोललेले दाणे पितळी परातीत टपटपत पडायचे. अण्णांना जेवायला तिखट आणि खारट एवढंच कळायचं. शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची, पापड, आणि लोणच्याची फोड नव्हे, फोडी. ताटातल्या मिठाच्या चिमटीत ते प्रत्येक घास टेकवून खात. आई त्यांना हसायची, पण मीठ संपलं की न मागता पुन्हा वाढायची.

मग घरात एक नवा आवाज आला. वसाहतीत पहिला प्रेशर कुकर आमच्याकडे आला, आणि पहिले दोन आठवडे तो कपाटावर देवासारखा बसून राहिला, कारण आई त्याला हात लावेना. “याच्यावर पंधरा पौंड लिहिलंय,” ती म्हणाली. “पंधरा पौंड माझ्या चुलीवर? फुटला म्हणजे?” अण्णांना विचारायचीच खोटी. त्यांनी मला, आईला आणि मुनियप्पाला ओळीने पाटांवर बसवलं आणि मध्ये कुकर ठेवून व्याख्यान दिलं. आमच्या बॉयलरला अडीचशे पौंड असतात आणि तो मजेत असतो, म्हणाले. मग त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा काढला, त्याच्या अंगाला दोन बोटांनी दाबलं, पत्रा टण्णकन आत गेला. “याला दोन पौंडसुद्धा पुष्कळ. नुसता आकडा कधी ऐकायचा नाही. आकड्याला काही अर्थ नसतो. कुणी दाब सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: भांडं कोणतं? काय?”

“भांडं कोणतं,” आम्ही तिघांनी शाळेसारखं म्हटलं.

“सरी,” म्हणजे बरोबर, अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, आणि उठून त्यांनी कुकरच्या झाकणावर कुंचल्याने एक छोटी लाल रेघ काढली. तिचा काही उपयोग नव्हता, पण ती पाहिल्यावर आईने कुकर चुलीवर चढवला. पहिली शिट्टी झाली तेव्हा मुनियप्पा अंगणात होता.

या सगळ्यात किलो येऊन पडला. बाजारात शेर जाऊन किलो आला, आई मल्लेश्वरमच्या बाजारात प्रत्येक भाजीवालीशी नव्याने हुज्जत घालू लागली, आणि कारखान्यात हुकूम निघाला की वर्षाच्या आत सगळी गेजं पौंडांतून किलोत आणायची. पूर्वी चौरस इंचावर किती पौंड ते मोजायचे, आता चौरस सेंटिमीटरवर किती किलो. एका किलोचे सव्वाचौदा पौंड, त्याहून केसभर कमी. शंभर पौंडांची रेघ सातवर यायची, दीडशेची साडेदहाच्या जरा पुढे. हिशेब अवघड नव्हता. अवघड होते अण्णा. वीस वर्षं ते पौंडांत ऐकत आले होते. नळीजवळून जाताना नुसत्या वाफेच्या आवाजावरून ते “ऐंशीवर आहे” म्हणत आणि काटा ऐंशीवर असे. आता ते जेवताना घास हातात धरून म्हणायचे, “सात म्हणजे काय गं शकू? सातचा आवाज मला माहीत नाही.”

म्हणून मी त्यांची शिकवणी घेतली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला, गणितात वसाहतीतल्या सगळ्या मुलांच्या पुढे, आणि त्याचा पुढे उपयोग काय होणार ते मला माहीत होतं. बी.ए. आणि लग्न. इंजिनियरिंगचं नाव मी एकदा काढलं होतं, तेव्हा अण्णांनी खूप प्रेमाने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि विषय बदलला होता. असो. निदान तीनशे गेजांचा तक्ता तरी माझ्या हातून गेला. स्वयंपाकघराच्या जमिनीवर पालथी पडून, पायांनी हवा ढवळत, मी पौंडांचे किलो करत असे, आणि अण्णांची परीक्षा घेत असे. साठ पौंड? “चार आणि वर थोडं.” थोडं किती? “मास्तरीणबाई, सव्वाचारला थोडं कमी.” कुकर? “एक आणि पाच शतांश.” आमच्या शाळेतला पाऱ्याचा वायुभारमापक हाही माझा आवडता विषय. पुस्तकात लिहिलेलं असायचं, पारा शहात्तर सेंटिमीटर चढतो. आमच्याकडे तो अडुसष्टाच्या वर कधी चढला नाही, कारण बंगलोर उंचावर. बाई म्हणायच्या, शहात्तरच लिहा, परीक्षेत तेच विचारतात. पारा पाण्याच्या तेरा पूर्णांक सहा पट जड. तेव्हा पाऱ्याचे सेंटिमीटर घ्या, तेरा पूर्णांक सहाने गुणा, की चौरस सेंटिमीटरवरचे ग्रॅम मिळाले. मी अण्णांना सांगितलं, बंगलोरच्या माणसाच्या डोक्यावर हवासुद्धा किलोला पंचाहत्तर ग्रॅम कमी असते. ते इतके खूष झाले की त्यांनी हे मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठ्या साहेबांनी पुढे ते एका भाषणात स्वतःचं म्हणून वापरलं.

अण्णांचं डोकं दुखायला लागलं होतं. मानेपासून वर, सकाळी उठल्याबरोबर. काम पुष्कळ होतं, साहेबांची तारीख डोक्यावर होती, तेव्हा सगळ्यांनी त्याला थकवा म्हटलं. आईने मात्र त्यांना वसाहतीच्या दवाखान्यात नेलं, बरोबर मी. डॉक्टर शेषाद्री हळू बोलणारे, कोरडे गृहस्थ. त्यांनी अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, उभ्या नळीत पारा चढला. अण्णा दवाखान्यात आलेल्या माणसासारखे नव्हे, दुसऱ्याच्या कारखान्यात पाहुणे म्हणून आलेल्या माणसासारखे वाकून बघत होते. “छान यंत्र आहे,” ते म्हणाले. “कधी तपासून घेतलंय का?”

“एकशे ऐंशी,” डॉक्टर म्हणाले. “खाली एकशे दहा. हे बरं नाही. मीठ बंद. महिनाभर रजा. आणि या सर्पगंधाच्या गोळ्या, रोज, न चुकता.”

आईचा चेहरा उतरला.  दवाखान्याबाहेर आल्यावर अण्णांनी सायकल हातात धरली, पण चढले नाहीत, नुसते चालत राहिले. एकशे ऐंशी. अण्णांच्या जगात वाफेच्या नळीवर एकशे ऐंशी म्हणजे धावत जाऊन झडप उघडायची. त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन होईना. तेव्हा मी काय केलं? मी हुशारी केली.

“अण्णा, ते एकशे ऐंशी कसले माहीत आहे का? पाऱ्याचे मिलिमीटर! म्हणजे अठरा सेंटिमीटर. अठरा गुणिले तेरा पूर्णांक सहा. दोनशे चव्वेचाळीस पूर्णांक आठ. धरा दोनशे पंचेचाळीस ग्रॅम! पाव किलोसुद्धा नाही हो!”

अण्णा थांबले. त्यांनी मनात गुणाकार करून पाहिला, ओठ हलताना दिसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “पौंडांत?” त्यांनी विचारलं. “साडेतीन,” मी म्हटलं. “साडेतीन पौंड!” ते रस्त्यावर ओरडले. “अगं, माझ्या सायकलच्या चाकात चाळीस आहेत! अडीचशे पौंडांच्या शेजारी वीस वर्षं उभा राहिलेला माणूस मी, आणि हा डॉक्टर मला साडेतीन पौंडांची भीती घालतो?” आणि ते सायकलवर बसले. मला पुढे बसवलं. मागून आई चालत येत होती. तिने विचारलं, “काय झालं? काय म्हणाली ती?” पण आम्ही पुढे गेलो होतो.

हिशेबात चूक नव्हती. हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. मी तो नंतर शेकडो वेळा केला आहे आणि तो दर वेळी बरोबर येतो. चूक असती तर बरं झालं असतं. चुकीला क्षमा असते.

रजा त्यांनी घेतली नाही. रजा घेतली असती तर गेजांचं काम साहेब दुसऱ्याकडे देणार होते, आणि ती तीनशे घड्याळं दुसऱ्याच्या हाताने किलोत गेलेली अण्णांना बघवली नसती. गोळ्यांनी झोप यायची. “एका काट्याचे दोन काटे दिसतात,” म्हणून त्यांनी त्या रविवारपुरत्या ठेवल्या, मग सणावारापुरत्या. आईने दोन आठवडे अळणी स्वयंपाक केला. अण्णा प्रत्येक जेवणाला म्हणायचे, “दोनशे पंचेचाळीस ग्रॅमसाठी एवढी शिक्षा?” आणि मी हसायची. मुनियप्पाने कारखान्यात ही गोष्ट नेली. मग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लोक विचारू लागले, “अण्णा, इवत्तु एष्टु ग्रॅम?” आज किती ग्रॅम? अण्णा छाती फुगवून सांगत, “पाच ग्रॅम कमी, पाव किलो.” तिसऱ्या आठवड्यात लोणच्याची बरणी फळीवरून खाली आली. आईने ती आणली नव्हती. मी आणली होती.

गणपतीतला माझा प्रयोग त्याच वर्षीचा. मी डॉक्टरांचा कोरडा आवाज काढला, अण्णांचा घाबरलेला चेहरा केला, मग भाजीवाली होऊन तराजूत वांगी टाकली: “घ्या साहेब, तुमचा रक्तदाब, वर दोन मिरच्या फुकट!” सगळ्यांत जास्त हसत होते अण्णा. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद, मानेवरची शीर टरारलेली. मला स्टेजवरून ती शीर दिसत होती. मी ते हास्य समजले. प्रसादाबरोबर त्या दिवशी मसालेभात आणि पापड होते. अण्णांनी पाच पापड खाल्ले, मी मोजले, कारण प्रत्येक पापडाला ते लांबून माझ्याकडे बघून बोटांनी वजन दाखवत होते. आई स्त्रियांच्या पंगतीत बसली होती. ती एकटीच हसत नव्हती, आणि मला राग आला होता. हिला विनोद कळत नाही, असं मी मैत्रिणीला म्हटलं. लिहून ठेवते. म्हटलं होतं.

आता माझ्याही दंडाला पट्टा असतो. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या भाच्याने यंत्र आणून दिलंय, बटण दाबलं की आपोआप फुगतं आणि आकडा हिरव्या अक्षरांत येतो. आकडा स्थिर व्हायच्या आत माझा गुणाकार झालेला असतो. तो मला थांबवता येत नाही. गोळी मात्र मी रोज घेते, आणि भाजीत मीठ नसतं. भाचा म्हणतो, मावशी, तुझ्या घरचं जेवण म्हणजे शिक्षा आहे. 

तीनशे गेजांपैकी शेवटची नऊ राहिली होती. दुपारी बाराच्या सुमाराला अण्णा यंत्राच्या दांड्यावर चकती ठेवत होते. मुनियप्पाने पुढे सांगितलं ते असं: “चकती हातातून सुटली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, अण्णा, उचलू का? ते काहीतरी बोलले, पण ते कन्नड नव्हतं, मराठी पण नव्हतं, अक्का.” मग ते खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्चीच्या बाजूला बसले. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू. अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण रेघ काढणारा हात परत आला नाही. उरलेली नऊ गेजं मुनियप्पाने लावली. काम वेळेत झालं म्हणून समारंभ झाला, मोठ्या साहेबांच्या गळ्यात हार पडला. अण्णांच्या घरी एक पितळी तबकडी पाठवण्यात आली, तिच्यावर काटा होता आणि आकडे किलोत होते. आईने ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून वापरली. बरणी रिकामी होती.

पण मला सांगायचा आहे तो दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. मोठ्या इस्पितळातली लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, खिडकीतून कडक ऊन. अण्णा डोळे उघडे ठेवून पडलेले. एका बाजूला आई, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. एका बाजूला मी. पायाशी मुनियप्पा, हातात अण्णांच्या चपला. त्याने त्या कारखान्यातून आणल्या होत्या आणि कुठे ठेवाव्या ते त्याला कळत नव्हतं. डॉक्टर शेषाद्री मुद्दाम आमच्यासाठी आले होते. त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा चढला. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. अण्णाही, डाव्या डोळ्याने.

“दोनशे वीस,” डॉक्टर म्हणाले.

आणि माझ्या तोंडून, मी विचार करायच्या आत, स्पष्ट, खणखणीत, स्टेजवरच्या आवाजात निघालं, “तीनशे ग्रॅम!”

मुनियप्पा फिसकन हसला. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. इतके महिने त्या वाक्यावर हसायची सवय झाली होती. लगेच त्याने चपला तोंडावर धरल्या. अण्णांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. ते हसत होते, अर्ध्या तोंडाने, माझ्याकडे बघून. उशीवर डाव्या हाताची बोटं वजन दाखवल्यासारखी हलली. मी पण हसणारच होते. ओठांपर्यंत आलंही होतं.

आई डॉक्टर-साहेबांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला, तो तिने सावरला नाही, आणि अख्ख्या खोलीतल्या खाटांवरची माणसं वळून बघतील अशा आवाजात ती माझ्यावर, अण्णांवर, मुनियप्पावर एकदमच ओरडली:

“अरे, पण भांडं कोणतं? भांडं कोणतं, ते विचारलंत का तुमच्यापैकी एकाने तरी!”